नानांना लहान कारण चालत नाही

पुणे-नगर रस्त्यावर सुप्यात चहाला थांबलेला माणूस गाडीपाशी परत येतो, रिमोटचं बटण दाबतो आणि गाडी हूं की चूं करत नाही. पुढचं सगळं ठरलेलं आहे. तो पुन्हा दाबतो, जरा जोरात. मग हात लांब करून, नेम धरून दाबतो. १९८२ साली रेनॉच्या फ्यूगो गाडीला रिमोट आला तो इन्फ्रारेडवर चालायचा. त्याला खरंच नेम लागायचा. आताचा रिमोट रेडिओलहरींवर चालतो, तो खिशात ठेवून दाबला तरी गाडीला कळतं. पण माणसाचा हात नेम धरल्याशिवाय राहत नाही. नेम चुकला असेल म्हणून तो गाडीला एक प्रदक्षिणा घालतो, डिकीपाशी दाबून बघतो, दाराचं हँडल ओढतो, रिमोट तळहातावर आपटतो, त्यावर फुंकर मारतो. शेवटी इकडेतिकडे बघतो. आपल्याला कोणी बघत नाही ना, एवढीच खात्री त्याला करायची असते.

नाना बघत असतात.

नाना टपरीवरच्या बाकावरून लगेच उठत नाहीत. गिऱ्हाईक पिकू द्यावं लागतं. त्याने दुसरी प्रदक्षिणा सुरू केली, की मगच ते बशीतला शेवटचा घोट घेतात, टोपी सारखी करतात आणि चालत चालत येऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवतात. उघडत नाहीये ते दार, पण हात बॉनेटवर. 

"कुठून आलात, साहेब?"

"पुण्याहून."

"हां," नाना म्हणतात. त्या 'हां'त अर्धं निदान झालेलं असतं. पुण्याहून न येता संभाजीनगरहून आला असता, तरी तेवढंच झालं असतं.

नाना एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झाले. त्याआधी नगरला व्हीआरडीईकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची चहाची टपरी होती. व्हीआरडीई म्हणजे लष्करी वाहनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था. तिथले लोक टपरीवर चहा प्यायचे आणि आपापसांत पगार, बदली आणि क्वार्टरच्या गळक्या छताबद्दल बोलायचे. त्या गळक्या छतातून नानांच्या कानावर देशाच्या संरक्षणाची जी गुपितं पडली, त्या भांडवलावर त्यांचा पुढचा सगळा व्यवहार चालला आहे. त्यांच्या खिशाला कायम एक टेस्टर असतो. त्या टेस्टरने त्यांनी आजवर काही टेस्ट केल्याचं कोणी पाहिलेलं नाही. दिशा दाखवायला तो उपयोगी पडतो. त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक जुनी टीव्हीएस. ती कुठल्याही चावीने चालू होते, चावी हरवली तर खिळ्याने होते. त्यामुळे कुलूप-किल्लीच्या प्रश्नाकडे नाना तटस्थपणे बघू शकतात.

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग बरोबर." टेस्टर उत्तरेकडे वळतो. "के. के. रेंजवर आज सराव असणार. रणगाडे बाहेर काढले की जॅमर लावत्यात. पाखरू बोलत नाही मग. तुमचा रिमोट काय बोलणार?"

पुण्याचा माणूस चपापतो. नगर म्हणजे आर्मर्ड कोअरचं घर, हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं. मुलांना घेऊन तो कधीतरी तिथलं १९९४ सालचं रणगाडा संग्रहालय बघून आलेला असतो. एवढ्या मोठ्या फौजेपुढे आपली हॅचबॅक गप्प बसली, तर तिला दोष तरी कसा द्यायचा? तेवढ्यात नानांच्याच खिशातला मोबाइल वाजतो. नाना तो घेतात, कांद्याचा भाव विचारतात आणि ठेवतात. शेजारी उभ्या असलेल्या गाडीचा मालक येतो, त्याची गाडी 'पीप पीप' करून उघडते आणि निघून जाते.

"त्याची कशी उघडली?" पुण्याचा माणूस विचारतो.

"त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी," नाना सांगतात.

वेगळी नसते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपासच बोलतात. एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी उघडत नाही ती सांकेतिक आकड्यामुळे, फ्रिक्वेन्सीमुळे नव्हे. जॅमर लागला असता, तर त्या रांगेतल्या सगळ्याच गाड्यांनी मौन धरलं असतं. पण नानांना हे सांगण्यात अर्थ नाही. एकच गाडी निवडून बंद पाडणारा जॅमर लष्कराने शोधला, असं ते पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतील.

लष्कर हे नानांचं आवडतं कारण खरं, पण रविवारी सराव नसतो. रविवारसाठी पवनचक्क्या आहेत. सुप्याच्या आसपासच्या पठारावर त्या उभ्या आहेत आणि रस्त्यावरून दिसतात, हे नानांच्या फार सोयीचं आहे. कारण नुसतं सांगण्यापेक्षा टेस्टरने दाखवता आलं, की माणसाचा विश्वास बसतो. "पाती फिरली की लहरी उडून जात्यात, साहेब. तुम्ही इथं दाबताय, लहर चालली वाडेगव्हाणला." पाती थांबलेली असली, तर "वारं पडलं, म्हणून लहर पुढं सरकत नाही." फास्टॅगवरही त्यांचा राग आहे. काचेवरचा फास्टॅग रिमोटची लहर वाटेतच पिऊन टाकतो, असं त्यांचं मत आहे. तो बिचारा टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. त्याच्यात सेलही नसतो; टोलनाक्यावरच्या यंत्राने उजेड पाडला तरच तो तेवढ्यापुरता जागा होतो, एरवी झोपलेला. पण लोकांच्या खात्यातून न विचारता पैसे काढणारी वस्तू लहरी सोडेल का, हा नानांचा सवाल बिनतोड आहे.

शनिवारी मात्र नानांना विज्ञान लागतच नाही. त्या दिवशी या रस्त्याने निम्मी गर्दी शनिशिंगणापूरची. "दर्शनाला निघालात ना? मग गाडीला कुलूप कशाला लावलंत?" एवढंच ते विचारतात. तिथल्या घरांना दार-कुलूप नाही ही ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची म्हणून गाजली. पुण्याच्या माणसाचा चेहरा पडतो. बायको हळूच गाडीला हात जोडते. यावर कुठला मेकॅनिक काय बोलणार?

टपरीपासून चार दुकानं सोडून चाचांचं घड्याळाचं दुकान आहे. नाना आणि चाचा जुने दोस्त. संध्याकाळी एकत्र बसतात. पण भर दुपारी रस्त्यावर गाडी अडकली, की तेवढ्या वेळापुरतं दोघांचं जमत नाही. कारण चाचा डोळ्याची भिंगं न काढता दुकानातूनच एक प्रश्न टाकतात:

"सेल बघितला का?"

झालं. के. के. रेंजवरचे रणगाडे जागच्या जागी थांबतात.

नाना या प्रश्नाला थेट उत्तर देत नाहीत. ते पुण्याच्या माणसाकडून रिमोट घेतात, खाचेत एक नाणं घालून उघडतात आणि आतला गोल सेल बोटांच्या चिमटीत धरून उन्हात बघतात. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: सीआर २०३२.

"वाचा. काय लिहिलंय? दोन हजार बत्तीस. अजून मुदत आहे याची. संपंल कसा?"

२०३२ ही मुदत नव्हे, माप आहे. पहिले दोन आकडे म्हणजे रुंदी २० मिलिमीटर, पुढचे दोन म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ म्हणजे तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाडीचा. सीआर १६३२ म्हणजे १६ मिलिमीटर रुंदीचा. तिन्ही सेल ३ व्होल्टचे. पण नानांची पद्धत अशी सोपी, की एखाद्या रिमोटमध्ये २०२५ चा सेल निघाला, तर ते स्वतःहून जाहीर करतात, "गेला. मुदत संपली." आणि चाचांकडे नवा घ्यायला पाठवतात. नवाही २०२५ चाच मिळतो. त्यावर नाना मान हलवतात: "चाचा जुना माल खपवतोय."

सेल तपासायची त्यांची दुसरी पद्धत जिभेची. त्यांच्या तरुणपणी ट्रान्झिस्टरचा चौकोनी सेल जिभेला लावून बघायचे. चुरचुरला की जिवंत. ती परीक्षा ते या गोल सेलावरही करतात. आता काही कंपन्या लहान मुलांनी गिळू नये म्हणून या सेलांवर मुद्दाम कडू लेप देतात. ही काळजी योग्यच आहे. असा सेल पोराच्या घशात अडकला तर काही तासांत आतून भाजतो, तेव्हा घरात बदललेला जुना सेल टेबलावर टाकू नये. पण हा लेप नानांच्या जिभेवर पहिल्यांदा आला, तेव्हा ते तीन वेळा थुंकले आणि म्हणाले, "नासलाय."

नाना नेहमीच हरतात असं मात्र नाही. एकदा एका गाडीचा रिमोट जवळून चालत होता, दहा पावलांवरून चालत नव्हता. नाना म्हणाले, "हनुवटीला लावून दाबा." मालक शिकलेला होता, तो हसला. "दाबा तर खरं." त्याने रिमोट हनुवटीखाली धरला, बटण दाबलं आणि गाडी लांबून उघडली. टपरीवर टाळ्या पडल्या. हा खेळ कोणीही करून बघावा. डोक्यात पाणी भरपूर, त्यामुळे रिमोट डोक्याला टेकवला की लहर बाहेर फेकायला त्याची मदत होते आणि पल्ला थोडा वाढतो. नानांचं स्पष्टीकरण वेगळं होतं. "ज्याच्या डोक्यात करंट, त्याचीच उघडती." तेव्हापासून ज्याची उघडत नाही तो मनातून ओशाळतो. त्याच रिमोटमध्ये चाचांनी सेल बदलला, तेव्हा तो हनुवटीशिवायही चालला. पण ते बघायला टपरीवरचं कोणी थांबलं नव्हतं.

आता खरं कारण काय असतं? बहुतेक वेळा चाचा म्हणतात तेच. आणि सेल काही एका दिवसात जात नाही. तो आधी महिनाभर सांगत असतो. बटण दोनदा दाबावं लागतं, मग जवळ जावं लागतं. नव्या गाड्यांत तर समोरच्या पडद्यावर चावीचा सेल उतरल्याची सूचनाही येते. ती सूचना माणूस बघतो आणि 'बघू' म्हणतो. सेल नवा असूनही चाललं नाही, तर आतली पत्र्याची जीभ वाकली आहे का, तिच्यावर गंज आहे का, सेल उलटा बसला आहे का, हे बघायचं. रिमोट कपड्यांबरोबर धुतला गेला असेल, बटणाचं रबर झिजलं असेल. रिमोट ठीक आणि गाडीत दिवाही लागत नाही, असं असेल तर गाडीचीच १२ व्होल्टची बॅटरी बसलेली असते. ऐकणाराच बेशुद्ध म्हटल्यावर बोलणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? आणखी एक कारण घरात रांगतं. प्रत्येक वेळी बटण दाबलं की रिमोट नवा आकडा पाठवतो आणि गाडी पुढच्या काही आकड्यांपर्यंतच वाट बघते, म्हणजे चोराने आधीचा आकडा टिपून ठेवला तरी त्याला उपयोग होत नाही. पोराने तिसऱ्या मजल्यावर बसून खेळणं म्हणून तेच बटण दाबदाब दाबलं, तर रिमोट कुठल्या कुठे पुढे जातो आणि दोघांची चुकामूक होते. काही गाड्यांत जवळ उभं राहून लागोपाठ दाबलं की ती मिटते, काहींत वर्कशॉप गाठावं लागतं.

सगळ्यात गंमत म्हणजे रिमोट पूर्ण मेला, तरी बहुतेक गाड्या उघडतात. बटणाच्या चावीच्या पोटात एक साधी लोखंडी चावी दडवलेली असते. बाजूची खिटी दाबली की ती बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराला तिच्यासाठी भोक असतं, कधी उघडं, कधी हँडलच्या टोपणाखाली झाकलेलं. आत बसल्यावर चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली, की गाडी तिला ओळखते. ही ओळख चावीतल्या बारक्या चिपची. ती गाडीच्याच विजेवर जागी होते, तिला सेल लागत नाही. हे सगळं गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं. कप्पा गाडीत असतो. आणि गाडीला कुलूप असतं.

मग पन्नास-शंभर रुपयांत मिटणाऱ्या गोष्टीसाठी माणसं नानांचं एवढं का ऐकतात? टपरीवर काही वेळ बसलं की ते ध्यानात येतं. नाना कारण सांगून संपले, की गाडीवाला बाजूला जातो आणि घरी फोन लावतो. त्याचा आवाज एकदम भारदस्त झालेला असतो.

"अगं, उशीर होईल. इथे लष्कराचं काहीतरी चाललंय. हो, जॅमर लावलेत. आपलीच नाही, बऱ्याच गाड्या अडकल्यात."

पलीकडून काय उत्तर येतं ते ऐकू येत नाही. पण 'महिनाभर सांगत होते सेल बदला म्हणून' असं काहीतरी असणार, कारण गाडीवाला टपरीकडे पाठ करतो आणि हळू बोलायला लागतो. भर रस्त्यात, बायकापोरांसमोर, पंधरा लाखांची गाडी उघडत नाही, यात माणसाची जेवढी शोभा होते तेवढ्या मापाचं कारण त्याला हवं असतं. चाचांच्या दुकानात गाडी सुरू होते, पण तिथून माणूस निष्काळजी ठरून बाहेर पडतो. नानांकडे गाडी बंदच राहते, पण माणूस देशाच्या संरक्षणासाठी थोडी झळ सोसून घरी जातो. चाचांना सेलचे पैसे मिळतात. नानांना चहा मिळतो, वर एक क्रीमरोल मिळतो, आणि गाडीवाला त्यांचा नंबर घेऊन जातो. 

आणि एके दिवशी नानांचं कारण खरं निघालं.

रस्त्याकाठी नवीन निघालेल्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये सकाळपासून एकामागून एक गाड्या अडायला लागल्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, नव्या-जुन्या. रिमोट दाबला तर काही नाही. तीच गाडी लोखंडी चावीने उघडून, ढकलत पन्नास-साठ पावलं लांब नेली की पीप पीप. चाचांनी सेल बदलून दिले, उपयोग झाला नाही. चाचा स्वतः दुकान सोडून आले, भिंगं कपाळावर सरकवून बघत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "सेल नाही."

नानांचा तो दिवस होता. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. टेस्टर उत्तरेला केला, पठाराकडे केला, एमआयडीसीकडे केला आणि शेवटी आभाळाकडे करून तसाच धरला. दुपारपर्यंत पार्किंगमध्ये पन्नास माणसं जमली. उपग्रह, चाचणी, शत्रुराष्ट्र, सगळं बोलून झालं. कोणीतरी राळेगणला जाऊन उपोषणाची चौकशी करून यावं असंही सुचवलं.

हॉटेलात एमआयडीसीत नोकरीला असलेली एक मुलगी जेवायला आली होती. इलेक्ट्रॉनिक्सवाली. तिने लॅपटॉपला एक काडी खोचली, तिला एवढीशी अँटेना लावली आणि पडद्यावर बघून म्हणाली, "४३३ वर कोणीतरी सारखं बोंबलतंय." लॅपटॉप दोन्ही हातांत धरून ती चालायला लागली. मागे नाना, चाचा, मॅनेजर आणि पन्नास माणसं. पार्किंगमधून ओट्यावर, ओट्यावरून फॅमिली रूममध्ये, तिथून कोपऱ्यातल्या टेबलापाशी. टेबलावर चटणी-लोणच्याच्या बरण्यांचं स्टीलचं स्टँड होतं. तिने ते उचललं. खाली वेटरला बोलवायचं बेलचं बटण होतं, स्टँडच्या पायाखाली कालपासून दबलेलं. ते सारखं वेटरला हाक मारत होतं आणि त्या आरड्याओरड्यात बाहेरच्या गाड्यांना आपल्या मालकांचं बोलणं ऐकू जात नव्हतं. वेटरलाही ऐकू गेलं नव्हतं, कारण बेलचा आवाज डोक्यात जातो म्हणून गल्ल्यावरच्या माणसाने ती काल रात्रीच बंद करून ठेवली होती. स्टँड उचललं आणि बाहेर ओळीने पीप पीप सुरू झालं.

असं फक्त सुप्यात घडतं असं कोणी समजू नये. २०१९ साली अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलँडजवळच्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात कित्येक आठवडे लोकांच्या गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजच्या दारांचे रिमोट चालेनात. तिकडचे रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात. जवळच नासाचं संशोधन केंद्र. लोकांची बोटं तिकडे वळली. शोध घेतला तेव्हा एका घरात सेलवर चालणारं एक यंत्र सापडलं. तळघरात काम करत असताना वर कोणी आलं तर कळावं म्हणून घरातल्या छंदी माणसाने ते स्वतःच बनवलं होतं आणि ते सतत लहरी सोडत होतं. त्याच वर्षी कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या कार्स्टेअर्स गावात एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाड्या अशाच अडल्या. तिथे कोणाच्या तरी गाडी चालू करायच्या रिमोटचं बोलणं अडकून बसलं होतं. म्हणजे ओहायोतही टपरी असणार, बाक असणार आणि बाकावर नाना असणार. त्यांना के. के. रेंजच्या जागी नासा मिळाली, एवढाच फरक.

सुप्यातली गर्दी पांगली. मॅनेजरने सगळ्यांना चहा पाजला. नानांनी घेतला नाही. पहिल्यांदाच लहरी खऱ्या निघाल्या होत्या, सगळ्या गावासमोर निघाल्या होत्या, आणि त्यांचा मूळपुरुष म्हणून लोणच्याच्या स्टँडखालचं बटण! चाचा शेजारी येऊन बसले. दोस्ताची समजूत काढायची म्हणून म्हणाले, "लहरी होत्या, नाना. तुमचंच खरं झालं." नानांनी नुसता हात झटकला. ते बटण त्यांनी मॅनेजरकडून मागून घेतलं होतं आणि मांडीवर ठेवून उलटसुलट बघत होते. बघता बघता त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा वर केला. बटणाच्या पाठीवर बारीक अक्षरात तीन इंग्रजी शब्द होते.

"चाचा, वाचा हे."

"मेड इन चायना."

नाना उठून उभे राहिले. "मी काय म्हणत होतो?"

त्या दिवसापासून नानांच्या पद्धतीत एक सुधारणा झाली आहे. पूर्वी चाचांनी 'सेल बघितला का' म्हटलं, की नाना हिरमुसायचे. आता ते स्वतःच सेल काढायला सांगतात. उलटा करतात. पाठीवर कुठल्या देशाचं नाव आहे ते वाचतात आणि त्या देशाची परिस्थिती विचारात घेऊन निदान सांगतात. लहान कारण टाळायची आता गरज राहिलेली नाही. कुठल्याही लहान कारणाच्या पाठीवर कुठला तरी मोठा देश छापलेला असतोच.

परवाचा गाडीवाला शिर्डीला निघालेला होता. रिमोट बंद. चाचा दुकानातूनच म्हणाले, "सेल." नानांनी मान डोलावली, सेल काढला, उलटा केला.

"इंडोनेशिया."

"म्हणजे?" गाडीवाल्याने विचारलं.

"तिथं ज्वालामुखी हायेत, साहेब. जिवंत."

गाडीवाल्याने सेलकडे बघितलं, नानांकडे बघितलं, गाडीत बसायला खोळंबलेल्या सासुरवाडीच्या माणसांकडे बघितलं. मग चाचांच्या दुकानाकडे पाठ करून त्याने मोबाइल काढला.

"हॅलो, हॉटेलवाले का? रूम जरा धरून ठेवा, आम्हाला उशीर होईल. नाही नाही, गाडी एकदम ठीक आहे. ज्वालामुखीचं काहीतरी निघालंय."